आजार होण्याआधी आहारतज्ज्ञ का नको?

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आरोग्य विम्याचा कारभार मात्र बहुतेक ठिकाणी असाच चालतो. मधुमेहाने पाय कापावा लागला, डोळ्याचा पडदा सरकला, मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिस सुरू झाले, की विमा लाखांनी पैसे मोजतो. तेच दुखणे दहा वर्षे आधी थोपवावे म्हणून आहारतज्ज्ञाकडे जायचे म्हटले, तर त्या अर्ध्या तासाची फी रुग्णाने स्वतःच्या खिशातून द्यायची. ही रीत मला पहिल्यापासून खटकत आली आहे.

ही रीत बदलण्याचा एक प्रयत्न अमेरिकेत झाला. तेथे मुख्यतः ६५ वर्षांवरील लोकांसाठी ‘मेडिकेअर’ हा सरकारी आरोग्य विमा आहे. त्याचा कायदा १९६५ मध्ये झाला. १ एप्रिल २०१८ पासून हा विमा ज्येष्ठांच्या ‘मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमा’चा खर्च देऊ लागला. अजून आजार न झालेल्या माणसाला वर्षभर शिकवायचे आणि त्याचे पैसे विम्याने द्यायचे, ही कल्पना खरोखर मोठी आहे. तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ज्या व्यक्तीचे सारे शिक्षण आहाराचे आहे, त्या आहारतज्ज्ञाला या योजनेत स्वतःची अशी जागा दिलेली नाही. माझ्या मते हीच तिची मोठी उणीव आहे आणि तिचा सर्वांत जास्त त्रास वृद्धांनाच होतो.

अमेरिकेतल्या योजनेचे आम्हाला काय, असे काही वाचक विचारतील. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतील मुले-मुली आज तिकडे स्थायिक आहेत आणि त्यांचे आईवडीलही ग्रीनकार्ड घेऊन तेथे राहू लागले आहेत. सलग पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य झाल्यावर ६५ वर्षांवरील अशा व्यक्तीला हप्ता भरून मेडिकेअर घेता येतो. तेव्हा ही योजना आपल्यापैकी काहींच्या घरचीच आहे. शिवाय आपल्याकडेही ज्येष्ठांच्या विम्याची चर्चा आता सुरू झाली आहे. दुसऱ्याने आधी केलेल्या कामातून काय घ्यावे आणि काय टाळावे, हे पाहिले तर आपलेच कष्ट वाचतील.

उंबरठ्यावरची माणसे

मधुमेह एका रात्रीत होत नाही. उपाशीपोटी रक्तातील साखर १०० च्या आत असेल तर ती ठीक समजतात. १२६ किंवा त्याहून अधिक भरली आणि पुन्हा तपासल्यावरही तशीच आली, तर मधुमेह म्हणतात. या दोहोंमध्ये जी पायरी आहे, तिला डॉक्टर मंडळी ‘प्री-डायबिटीस’ म्हणतात. आपण तिला मधुमेहाचा उंबरठा म्हणू. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसी या तपासणीत ५.७ ते ६.४ हा आकडा आला, तरी माणूस याच उंबरठ्यावर आहे असे मानतात. अमेरिकेत ६५ वर्षांवरील जवळजवळ निम्मे लोक या अवस्थेत आहेत.

उंबरठ्यावरून माणसाला मागे आणता येते का? या प्रश्नाचे उत्तर देणारा मोठा अभ्यास अमेरिकेत झाला आणि त्याचे निष्कर्ष फेब्रुवारी २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. २७ केंद्रांतील ३,२३४ लोक त्यात होते. एका गटाला आहार आणि व्यायाम शिकवला. वजन ७ टक्क्यांनी उतरवायचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे किंवा तत्सम श्रम करायचे, एवढेच ध्येय त्यांच्यापुढे ठेवले होते. दुसऱ्या गटाला मेटफॉर्मिन ही गोळी दिली आणि तिसऱ्या गटाला औषध नसलेली नुसती गोळी. सरासरी २.८ वर्षांनंतर पाहिले, तेव्हा तिसऱ्या गटाच्या तुलनेत मधुमेह होण्याचे प्रमाण मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी आणि आहार-व्यायामाने ५८ टक्क्यांनी घटलेले होते.

याच अभ्यासातली एक गोष्ट ज्येष्ठ वाचकांनी लक्षात ठेवावी. साठीच्या पुढच्या लोकांत आहार-व्यायामाचा फायदा ७१ टक्के दिसला आणि मेटफॉर्मिनचा मात्र फारसा दिसला नाही. “आता या वयात काय सवयी बदलणार, गोळीच लिहून द्या,” असे माझ्या दवाखान्यात रोज कोणीतरी म्हणते. हे आकडे त्याच्या नेमके उलट सांगतात. या वयात सवयी बदलतात, आणि बदलल्या तर गोळीहून अधिक उपयोगी पडतात.

हे यश मिळाले कसे, हा भाग मात्र पुढे विसरला गेला. त्या अभ्यासात प्रत्येक व्यक्तीला एक मार्गदर्शक नेमून दिला होता आणि हे मार्गदर्शक बहुतांशी शिकलेले आहारतज्ज्ञ होते. १६ पाठ समोरासमोर, एकेकट्याला बसवून, ज्याचे जसे खाणे आणि जशी मिळकत त्याप्रमाणे बदलून शिकवले गेले. त्याच सुमारास, २००१ मध्ये, फिनलंडमधील ५२२ लोकांचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथेही फायदा ५८ टक्केच निघाला. त्या अभ्यासात पहिल्या वर्षी प्रत्येकाची आहारतज्ज्ञाशी सात वेळा भेट होत असे आणि नंतर दर तीन महिन्यांनी एकदा. थोडक्यात, ज्या अभ्यासांच्या जोरावर पुढचा सगळा कार्यक्रम उभा राहिला, त्यांत आहारतज्ज्ञ अगदी मध्यभागी होता.

तो बाजूला कसा पडला?

याचे कारण साधे आहे. प्रत्येकाला स्वतंत्र तज्ज्ञ देणे महाग पडते. म्हणून स्वस्तात काय करता येईल याचा शोध सुरू झाला. इंडियानापोलिस शहरात वायएमसीए या संस्थेच्या व्यायामशाळांतील साध्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन तेच पाठ गटात शिकवून पाहिले. २००८ मध्ये त्याचा अहवाल आला. लोकांचे वजन सहा महिन्यांत सरासरी ६ टक्के उतरले होते. संख्या लहान होती, पण मार्ग दिसला. २०१० मध्ये अमेरिकी संसदेने राष्ट्रीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाला मंजुरी दिली. पुढे वायएमसीएने मेडिकेअरच्या लाभार्थींवरही हा प्रयोग केला आणि १५ महिन्यांत माणशी २,६५० डॉलर वाचले असा हिशेब सरकारी हिशेबतज्ज्ञांनी २०१६ च्या मार्चमध्ये प्रमाणित केला. त्यावरून २०१८ ची योजना आली.

योजना अशी आहे. पहिल्या सहा महिन्यांत १६ वर्ग, पुढच्या सहा महिन्यांत महिन्याला एक याप्रमाणे सहा वर्ग, असे वर्षाचे एकूण २२ वर्ग. ध्येय किमान ५ टक्के वजन उतरवण्याचे. लाभार्थीला एक पैसाही द्यावा लागत नाही. प्रवेशासाठी एचबीएवनसी ५.७ ते ६.४ हवे, किंवा उपाशीपोटी साखर ११० ते १२५ हवी, किंवा ग्लुकोज पाजून दोन तासांनी पाहिलेली साखर १४० ते १९९ हवी. सोबत उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, २५ किंवा त्याहून अधिक असावा. आशियाई वंशाच्या लोकांसाठी मात्र ही मर्यादा २३ च आहे, कारण आपल्या लोकांना कमी वजनावरही मधुमेह गाठतो. आपल्याकडच्या, वरून सडपातळ दिसणाऱ्या आजीआजोबांनी हे मुद्दाम ध्यानात ठेवावे.

वर्ग घेणाऱ्याला तेथे ‘कोच’ म्हणतात. कोच होण्यासाठी आहारशास्त्राची पदवी लागत नाही. ठरावीक अभ्यासक्रमाचे दोनएक दिवसांचे प्रशिक्षण पुरते. आहारतज्ज्ञालाही कोच होता येते आणि पुष्कळ जण होतातही. परंतु तेव्हा तो आहारतज्ज्ञ म्हणून तेथे नसतो, छापील पाठ शिकवणारा कोच म्हणूनच असतो. शिवाय एकट्या आहारतज्ज्ञाला आपल्या दवाखान्यात बसून या योजनेचे बिल लावता येत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्था लागते, मान्यतेसाठी साधारण वर्षभराची आकडेवारी दाखवावी लागते, आणि नंतर मेडिकेअरकडे पुन्हा वेगळी नोंदणी.

एका अंकाचा फरक

आता यातली विसंगती पाहा. मेडिकेअर आहारतज्ज्ञाचे पैसे मुळीच देत नाही असे नाही. १ जानेवारी २००२ पासून मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना डॉक्टरच्या चिठ्ठीवर पहिल्या वर्षी तीन तास आणि पुढे दर वर्षी दोन तास आहारतज्ज्ञाचा सल्ला विम्यातून मिळतो. वैयक्तिक सल्ला, रुग्णाची फी शून्य. ही उत्तम सोय आहे. पण ती उंबरठ्यावरच्या माणसासाठी नाही.

उपाशीपोटी साखर १२५ असलेले आजोबा आहारतज्ज्ञाकडे गेले, तर मेडिकेअर त्यांची फी भरणार नाही. तेच आजोबा वर्षभराने १२६ वर गेले आणि मधुमेहाचे निदान पक्के झाले, की तीन तास मोफत मिळतात. ज्या वेळी सल्ल्याने आजार टळण्याची शक्यता सर्वांत अधिक, त्या वेळी दार बंद. टळण्याची वेळ निघून गेली की दार उघडे. हे दार उंबरठ्यावरच्यांसाठीही उघडावे अशी विधेयके अमेरिकी संसदेत अनेकदा मांडली गेली आहेत. आतापर्यंत त्यांचा कायदा झालेला नाही.

म्हातारपणाचे ताट

कोणी म्हणेल, ५ टक्के वजन उतरवायला तज्ज्ञ कशाला हवा? कमी खा, जास्त चाला, हे कोणीही सांगू शकेल. चाळिशीच्या धडधाकट माणसाबाबत हे बऱ्याच अंशी खरे आहे. सत्तरीच्या माणसाबाबत तसे नाही.

म्हातारपणी वजन उतरते तेव्हा नुसती चरबी उतरत नाही. उतरलेल्या वजनाचा साधारण पाव हिस्सा स्नायू आणि इतर चरबीविरहित भागाचा असतो. तरुण माणूस तो भरून काढतो. म्हाताऱ्याचा सहसा भरून निघत नाही. स्नायू गेले की तोल जातो, तोल गेला की पडणे आले, आणि या वयात खुब्याचे हाड मोडले तर काय होते ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. म्हणून ज्येष्ठांनी वजन उतरवताना प्रथिने पुरेशी खावीत आणि ताकदीचे व्यायाम करावेत, असे आता सगळेच जाणकार सांगतात. निरोगी ज्येष्ठाला वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम. आपली वाटीभर शिजलेली डाळ पाच-सात ग्रॅम देते, एक अंडे सहा ग्रॅम. यावरून हिशेब किती अवघड आहे ते कळेल. त्यातच मूत्रपिंड अशक्त असेल, तर उलट प्रथिने बेताचीच द्यावी लागतात. कोणाला किती, हे छापील पुस्तिका सांगू शकत नाही.

माझ्या जुन्या पेशंटांपैकी एक निवृत्त शिक्षक मुलीकडे न्यू जर्सीत राहतात. त्यांनी हा वर्षाचा वर्ग पूर्ण केला. हिवाळ्यात इकडे आले, तेव्हा आपली वही घेऊन आले. रोजच्या खाण्याची, चालण्याची, वजनाची नोंद, अगदी शिक्षकाच्या अक्षरात. “डॉक्टर, वर्गात माझा पहिला नंबर,” असे त्यांनी अभिमानाने सांगितले. वजन सहा किलो उतरले होते. साखरही खाली आली होती.

मी म्हटले, “सर, जरा खुर्चीतून हात न टेकता उठून दाखवा.” त्यांना उठता येईना.

वही वाचली तेव्हा उलगडा झाला. चरबी आणि उष्मांक मोजायला शिकल्यावर त्यांनी दूध, शेंगदाणे, डाळीवरचे तूप तर सोडलेच, पण भाकरी कशी मोजायची ते पुस्तिकेत नसल्यामुळे भाकरीबरोबरची उसळही सोडली होती. रात्री सूप आणि पालेभाज्यांचे मोठे वाडगे. ते रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन ही गोळी घेतात. पालेभाज्यांतील ‘के’ जीवनसत्त्वामुळे या गोळीचा परिणाम कमी होतो. भाजी एकदम वाढली, तशी त्यांची रक्ताची तपासणी मध्यंतरी दोनदा बिघडली होती. कारण कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

यात त्यांच्या कोचबाईंचा दोष मी मानत नाही. त्या मायाळू होत्या, एक आठवडा चुकला तर फोन करून चौकशी करीत. त्यांच्या कामाची चौकट वर्गाची होती. कोणाला कोणती गोळी चालू आहे हे पाहून आहार ठरवणे त्यांच्याकडून अपेक्षितच नव्हते. योजनेच्या हिशेबी सर पूर्ण यशस्वी होते, कारण ५ टक्क्यांहून अधिक वजन उतरले की संस्थेला जादा पैसे मिळतात. खुर्चीतून उठता येते का, याला त्या हिशेबात रकाना नाही.

आपल्या गावातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांना एकदा तीन पाव तास आणि नंतर दोनदा अर्धा अर्धा तास दिला. ज्वारीची भाकरी किती, मोड आलेल्या मटकीची उसळ किती, ताक आणि अंडे केव्हा, हे घरच्याच भांड्यांच्या मापाने ठरवून दिले. पालेभाजी बंद न करता रोज सारख्याच बेताची ठेवायला सांगितली आणि तसे मला कळवले, म्हणजे मला गोळीचा डोस बसवता आला. खुर्चीतून उठण्याबसण्याचा व्यायाम सुरू झाला. वजनाचा एक किलो परत आला. साखर वाढली नाही. परत जाताना सर हात न टेकता उठत होते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. प्रत्येक उंबरठ्यावरच्या वृद्धाला मधुमेह होतोच असे नाही. ७५ वर्षांच्या आसपासच्या अमेरिकी वृद्धांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एचबीएवनसीनुसार उंबरठ्यावर असलेल्यांपैकी साडेसहा वर्षांच्या पाठपुराव्यात शंभरात सुमारे नऊ जणांनाच मधुमेह झाला, आणि सुमारे तेरा जणांची साखर आपोआप पूर्ववत झाली. म्हणजे ६६ वर्षांच्या गोलमटोल गृहस्थाला वजन उतरवण्याचा आग्रह जरूर करावा. पण ८२ वर्षांच्या, आधीच खंगलेल्या आजींना साखरेच्या एका आकड्यावरून उपाशी ठेवणे म्हणजे रोगापेक्षा उपाय भारी. या दोघांतला फरक ओळखणे हे तज्ज्ञाचे काम आहे.

दुसरी बाजू

कोचच्या बाजूनेही बोलले पाहिजे. गटात मजा येते, ओळखी होतात, एकट्या राहणाऱ्या वृद्धाला दर आठवड्याला कोणाची तरी सोबत मिळते. शेजारच्या बाईचे वजन उतरले हे पाहून आपल्यालाही हुरूप येतो. हे काम पदवी नसलेली पण जीव लावणारी व्यक्ती कधी कधी तज्ज्ञापेक्षाही चांगले करते. शिवाय अमेरिकेतल्या निम्म्या वृद्धांना प्रत्येकी एक आहारतज्ज्ञ पुरवणे अशक्य आहे, हेही खरे. तेव्हा कोच काढून टाका आणि आहारतज्ज्ञ नेमा, असे मी म्हणत नाही. कोच वर्ग चालवील. मात्र वर्गात बसण्यापूर्वी प्रत्येक ज्येष्ठाची एकदा आहारतज्ज्ञाशी स्वतंत्र भेट व्हावी. त्याची औषधे, दात, मूत्रपिंड, घरचा स्वयंपाक आणि हातपायांची ताकद पाहून वजनाचे ध्येय ठरावे. क्वचित ते ‘वजन उतरवू नये’ असेही असेल. सहा महिन्यांनी दुसरी भेट व्हावी. मधल्या काळात कोचला शंका आली, तर विचारायला नेमून दिलेला आहारतज्ज्ञ असावा, आणि या कामाचे पैसे विम्याने वेगळे द्यावेत. मधुमेह झाल्यावर जे तीन तास मिळतात, त्यांतले दोन तास आधी दिले तरी एवढे सगळे बसते.

खर्च वाढेल अशी भीती घालणाऱ्यांना मी योजनेच्याच अनुभवाकडे बोट दाखवीन. २०१८ पासून २०२१ अखेरपर्यंत, पावणेचार वर्षांत, या योजनेत सहभागी झालेल्यांची संख्या पाच हजारांच्याही आतच राहिली. मेडिकेअरचे लाभार्थी मात्र सहा कोटींहून अधिक आहेत. वर्ग घेणाऱ्या संस्था थोड्या, अनेक भागांत एकही नाही, आणि सुरुवातीला पैशांचा मोठा भाग वजन उतरल्यावरच मिळणार असल्यामुळे लहान संस्थांना ते परवडेना. ही अडचण सरकारच्याही लक्षात आली. २०२४ पासून हजेरीच्या प्रत्येक वर्गामागे सुमारे २५ डॉलर मिळू लागले. करोनाकाळानंतर दूरदृश्य वर्गांनाही वाट मिळाली. हे चांगलेच झाले. पण जे हजारो आहारतज्ज्ञ मेडिकेअरकडे आधीच नोंदलेले आहेत आणि मधुमेहींना सल्ला देऊन बिलेही लावतात, त्यांना हे दार उघडले असते, तर एवढी वर्षे वाया गेली नसती. स्वस्तात भागवण्याच्या नादात तयार माणसे बाहेर उभी राहिली.

आपल्याकडे काय?

आपल्या देशाचे आकडे वाचकांना माहीत असतील. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर आहेत. आहार-व्यायामाने भारतीयांनाही फायदा होतो, हे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या पथकाने २००६ मध्येच दाखवून दिले. ५३१ लोकांच्या त्या अभ्यासात मधुमेह होण्याचा धोका आहार-व्यायामाने २८.५ टक्क्यांनी आणि मेटफॉर्मिनने २६.४ टक्क्यांनी घटला. दोन्ही एकत्र दिल्याने त्याहून अधिक काही पदरात पडले नाही.

ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत ७० वर्षांवरील सर्वांना, मिळकतीचा विचार न करता, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण मिळू लागले. ज्येष्ठांच्या दृष्टीने हे मोठेच पाऊल आहे. परंतु हे पैसे रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांचे आहेत. पाय कापण्याचा खर्च त्यातून निघेल, पाय वाचवणाऱ्या सल्ल्याचा निघणार नाही. उद्या आपल्या राज्यकर्त्यांनी किंवा विमा कंपन्यांनी प्रतिबंधाचा कार्यक्रम आणायचे ठरवले, आणि तसा तो यायलाच हवा, तर अमेरिकेची पहिली चूक आपण करू नये. आपल्याकडे आशाताई आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, महिला मंडळे आहेत. वर्ग चालवायला माणसांची वाण नाही. त्यांच्या पाठीशी दर तालुक्याला एक तरी आहारतज्ज्ञ असावा, त्याची फी योजनेतून मिळावी, आणि हे कलम पहिल्याच दिवशी कागदावर असावे. नंतर ते घुसवणे किती कठीण जाते, हे आपण वर पाहिलेच.

वाचकांनी काय करावे?

ज्यांचे आईवडील अमेरिकेत मेडिकेअरवर आहेत, त्यांनी तेथील डॉक्टरांना एचबीएवनसीचा आकडा विचारावा. ५.७ ते ६.४ च्या दरम्यान असेल आणि बीएमआय २३ किंवा अधिक असेल, तर जवळ मधुमेह प्रतिबंधाचा वर्ग आहे का, याची चौकशी करावी. वर्गाला जरूर घालावे. सोबत सर्व औषधांची यादी कोचकडे आणि डॉक्टरांकडे द्यावी. आईला किंवा वडिलांना मूत्रपिंडाचा विकारही असेल, तर आहारतज्ज्ञाचे तास त्या कारणासाठी मेडिकेअरमधून मिळतात. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी मागून घ्यावी.

इकडे असलेल्या ज्येष्ठांनी वर्षातून एकदा साखर तपासावी. उंबरठ्यावर असाल तर घाबरू नये आणि कोणाचे तरी ऐकून जेवणही सोडू नये. वजन उतरवायचे ठरवलेच, तर महिन्यातून एकदा वजनकाट्याबरोबर खुर्चीचीही परीक्षा घ्यावी. आधाराला कोणीतरी शेजारी उभे ठेवून हात न टेकता पाच वेळा उठून बसावे. पहिल्यापेक्षा अवघड जाऊ लागले, तर आहारात काहीतरी चुकते आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे. जमत असेल तर एकदा तरी शिकलेल्या आहारतज्ज्ञाला भेटावे. जाताना औषधांच्या पट्ट्या आणि आठ दिवसांच्या खाण्याची वही न्यावी.

आणि ज्येष्ठ नागरिक संघांना माझी एक विनंती आहे. विम्याविषयी निवेदने आपण देतच असता. पुढच्या निवेदनात रुग्णालयाच्या खाटेबरोबर आहारतज्ज्ञाच्या दोन तासांचीही मागणी घालावी. मसुदा करायला मदत लागली, तर मी संध्याकाळी दवाखान्यात असतो.